बाळंतपणाला निघालेला कंडक्टर

तेहतीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारला. "कुठं?" एसटीत कंडक्टर होतो; पैठण, खुलताबाद, अजिंठा अशा गाड्यांवर. मी विचारायचो एक शब्द आणि आमचे लोक सांगायचे सगळी कहाणी. पैठणचं तिकीट मागणारी बाई नुसतं पैठण म्हणून थांबायची नाही. लेकीला सातवा लागलाय, तिला आणायला चाललेय, जावई लई चांगला आहे पण त्याची आई जरा तशीच आहे, एवढं सगळं सांगून झाल्यावर तिकीट फाटायचं. मागं माणसं उभी, पुढचा थांबा जवळ आलेला आणि माझं डोकं मुळातच तापट. मी खेकसायचो, "मावशी, गावाचं नाव सांगा, पुराण नको."

आज त्या सगळ्या मावश्यांची मला माफी मागावीशी वाटते. साठी उलटल्यावर काचेच्या खिडकीपलीकडून एका परक्या माणसानं मला तसाच प्रश्न विचारला, आणि मी शहाणपणा करून एकाच शब्दात उत्तर दिलं.

माझी एकुलती एक लेक अमेरिकेत असते. लग्नाला सहा वर्षं झाली. आधी एकदा तिसऱ्या महिन्यात हातचं गेलं होतं, त्यामुळे या वेळी चौथा महिना सरेपर्यंत तिनं मलासुद्धा कळू दिलं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाला सक्त मनाई केली होती. तिच्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्या काठी धरून चालत होत्या. जावयाला रजा मिळणार होती दोन आठवडे. आणि माझी बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

हे सगळं लेक फोनवर एखाद्या बातमीसारखं सांगत होती. शेवटी म्हणाली, "आई असती तर," आणि थांबली.

"मी येतो," मी म्हणालो.

"फिरायला?"

"बाळंतपणाला."

ती हसली. खूप हसली. मग ते हसणं मधूनमधून तुटायला लागलं. मला वाटलं रेंज गेली. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "बाबा, मला खरंच लई भीती वाटतेय." सहा वर्षं परदेशात राहून, तिकडचं बोलणं बोलून, तिच्या तोंडून हे 'लई' आलं आणि मी ठरवून टाकलं की आता काहीही झालं तरी जायचं.

पैठणच्या माझ्या बहिणीला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. बापानं कधी बाळंतपण केलंय का, लोक काय म्हणतील, तिथं बाई ठेवा म्हणावं, असं बरंच काही. मला राग आला, पण तिचंही काही चूक नव्हतं. मला चहा सोडून धड काही येत नव्हतं. मुलगी तान्ही असताना मी एक दिवसाआड मुक्कामाच्या गाडीवर असायचो. घरी यायचो तेव्हा बाळ न्हाऊन-माखून, धुरी घेऊन गाढ झोपलेलं असायचं. मी दुरून बघायचो, बूट काढायचो आणि झोपायचो. माझं पितृत्व एवढंच.

मी फोनवर बोलतो ते भरल्या गाडीत तिकिटं विचारल्यासारखं. त्यामुळे माझी कुठलीच गोष्ट आमच्या गल्लीत गुपित राहत नाही. शेजारच्या भाभींनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. एका भिंतीचा शेजार, पस्तीस वर्षांचा. भाभी मूळच्या खुलताबादच्या, वय पंचाहत्तरीच्या आसपास, चार लेकरं आणि त्यांची लेकरं वाढवलेल्या. संध्याकाळी त्या भिंतीशी आल्या आणि पहिला प्रश्न हाच विचारला.

"भाऊ, बच्चू न्हाऊ घालता येतं का?"

मी म्हणालो, "शिकीन."

"मग उद्यापासून या. आंगनात बसू. पाट मी देते, टॉवेल तुमचा आना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात पाटावर बसलो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही पाय लांब करून. भाभींनी माझ्या पायांवर जे बाळ ठेवलं ते त्यांनी स्वतः बनवलं होतं. तांदळाची पिशवी जुन्या फडक्यात घट्ट गुंडाळलेली, आणि वरच्या टोकाला ढिल्या गाठीनं बांधलेला नारळ. नारळ म्हणजे डोकं. गाठ मुद्दाम ढिली, कारण तान्ह्या बाळाची मान तशीच असते. हात जरा सरकला की नारळ लटकन बाजूला पडायचा आणि भाभी म्हणायच्या, "गेलं." एवढंच, "गेलं." पहिल्या दिवशी माझं बाळ अकरा वेळा गेलं. दारात भाभींची सून आणि गल्लीतल्या दोघी-तिघी तोंडाला पदर, ओढणी लावून हसत होत्या. मी तापलो होतो, पण पायांवर नारळ घेऊन बसलेल्या माणसाला रागावता येत नाही.

आठवडाभरात हात बसला. पाणी कोपरानं बघायचं, बोटांनी नाही. डोक्यावर पाणी घालताना कपाळावर तळहाताचा आडोसा धरायचा. कानात थेंब जाऊ द्यायचा नाही. तेल टाळूवर थोपटायचं, चोळायचं नाही. पालथं घालताना हनुवटी मोकळी ठेवायची. मग स्वयंपाकाकडं वळलो. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. भाभी ओवा, सुंठ आणि गूळ घालून बाळंतिणीसाठी एक पेय उकळायच्या, त्यांच्याकडं त्याला अछवानी म्हणतात. पहिल्यांदा ते उकळलं तेव्हा तो वास माझ्या फार ओळखीचा वाटला. कुठं घेतलाय ते मात्र आठवेना. ओव्याचा वास कुणाच्या ओळखीचा नसतो, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

या शिकवणीत मी एक गोष्ट वरचेवर बोलायचो, बढाईच होती ती. माझ्या बायकोची आई ती लहान असतानाच वारली होती. त्यामुळे तिला माहेर असं नव्हतंच, बाळंतपण इथंच झालं. मी भाभींना सांगायचो, की बघा, तिला आई नाही, सासू नाही, कुणी शिकवायला नाही, तरी पोरीचं सगळं एकटीनं केलं. उपजत होतं तिच्यात. मला बघा, नारळ सांभाळता येत नाही. भाभी मान हलवून म्हणायच्या, "हौ, भाऊ. हुशार होती." आणि पाणी ओतायला लावायच्या.

व्हिसाचं काम मी सिडकोतल्या एका ऑफिसात दिलं होतं. फॉर्म भरून देणारा माणूस बोलायला गोड होता. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव औरंगाबाद आणि नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, यानं काही अडेल का याची मला काळजी होती. तो म्हणाला, काका, ते सोडा, अडेल ते वेगळ्याच गोष्टीवर. बाळंतपण हा शब्द तिथं तोंडातून काढायचा नाही. बाळ सांभाळायला जातोय म्हणालात की त्यांना वाटतं, फुकटची आया चाललीय. त्यातून तुम्ही पुरुष, विश्वास कोण ठेवणार? फिरायला जातोय म्हणायचं, मोकळं व्हायचं. त्यानं मला बघायच्या ठिकाणांचा एक कागद दिला. एक मोठा धबधबा, एक पुतळा, एक दरी, काही पूल. मी तो कागद पाठ केला. भाभींकडं नारळ आणि घरी धबधबा, असे ते दिवस गेले.

मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण हा माणूस रोज हेच काम करतो, त्याला जास्त कळतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर आत कुठंतरी मलाही लाज वाटत होती. मुंबईत, साहेबासमोर, साठी उलटलेल्या गड्यानं बाळंतपणाला चाललोय म्हणून सांगायचं? बहिणीचं बोलणं कुठंतरी लागलेलंच होतं.

मुंबईला मुलाखतीच्या आदल्या दिवशी बोटांचे ठसे घेतले. माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. आयुष्यभर तिकिटं फाडून आणि नोटा सरकवून तो गुळगुळीत झालाय. तिथल्या मुलीनं शांतपणे चार वेळा पुसून, दाबून तो घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलातीत रांगेत उभा राहिलो. खिडकीमागं तरणा अधिकारी होता. मराठीत बोलणार का, अशी विचारणा झाली होती. मी म्हणालो, नो, इंग्लिश ओके. एवढी अक्कल पाजळली.

का जायचंय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "टुरिझम, सर." एकटेच? "यस, सर." किती दिवस? "पाच महिने." मग त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडं नीट पाहिलं. पाच महिने टुरिझम? मी धबधबा म्हणालो, पुतळा म्हणालो. त्यानं विचारलं, धबधबा कोणत्या महिन्यात बघणार? मी म्हणालो, जानेवारी. तिकडं जानेवारीत काय थंडी असते हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्याची ती नजर मी ओळखली. ती माझीच नजर होती. गाडीत एखादी बाई चांगल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन, पदराखाली झाकून, चार वर्षांचं आहे म्हणून सांगायची. मी तिच्याशी वाद घालायचो नाही. वाकून त्या लेकरालाच विचारायचो, "कितवीत हायेस रे बाळा?" लेकरू ऐटीत सांगायचं, दुसरीत. मग मी आईकडं जसा बघायचो, तसा तो अधिकारी माझ्याकडं बघत होता. त्यानं तरीही मला एक संधी दिली. आत्ताच जाण्याचं आणखी काही कारण आहे का, असं हळू विचारलं. मी म्हणालो, "नथिंग, सर."

पासपोर्ट आणि एक छापील कागद खिडकीखालून परत आला. अर्ज नामंजूर.

लेकीला फोन केला तर ती पटकन म्हणाली, "असू दे बाबा. आम्ही करू काहीतरी." ती मलाच धीर देत होती. तिला सहावा संपत आला होता. परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं तेव्हा मी नुसतं गावाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सिडकोच्या ऑफिसात जाऊन त्या माणसावर ओरडलो. सगळं ऑफिस गोळा झालं. तो एवढंच म्हणाला, की काका, मी सांगितलं, पण बोललात तुम्ही. जिना उतरेपर्यंत माझा राग उतरला, कारण त्याचं हे बोलणं खरं होतं. खोटं बोलणाऱ्याला तोंडावर पकडायचं, यावर मी पगार घेतला होता. तोच मी तोंड वर करून खोटं सांगून आलो, आणि तेही कशासाठी, तर लेकीचं करायला चाललोय हे सांगायची लाज वाटली म्हणून. त्या दिवशी मला माझीच फार घाण वाटली.

पुन्हा अर्ज करता येतो, हे कळलं होतं. पण तारखा कित्येक महिन्यांनंतरच्या होत्या, तोवर नातवंड रांगायला लागलं असतं. मी भाभींकडं जाणं बंद केलं. पाट तसाच भिंतीला टेकून राहिला. तिसऱ्या दिवशी भाभींनी हाक मारली. मी भिंतीशी जाऊन म्हणालो, "भाभी, आता कशाला शिकायचं? मला जाऊच देत नाहीत."

"तुम्ही या तर," त्या म्हणाल्या.

अंगणात पाट मांडलेला होता. पाण्याची बादली भरलेली. मी सवयीनं पँट दुमडून बसलो. भाभींच्या हातात या वेळी नारळ नव्हता. त्यांची नात बाळंतपणाला माहेरी, म्हणजे याच घरी आलेली होती. तिची दीड महिन्याची मुलगी भाभींच्या हातात होती, उघडी, तेल लावलेली, मुठी आवळून. नात दारात उभी. तिचा चेहरा बघून मीच म्हणालो, नको भाभी. भाभींनी नातीकडं पाहिलंसुद्धा नाही. बाळ माझ्या पायांवर ठेवलं.

"अल्लाचं नाव घ्या नाहीतर रामाचं घ्या," त्या म्हणाल्या. "पर मानंखालचा हात काढू नका."

मी तो हात काढला नाही. बाळ सुरुवातीला किंचाळलं, मग कोमट पाणी पाठीवर गेल्यावर गप्प झालं आणि माझ्याकडं बघायला लागलं. नारळ बघत नाही. हे बघत होतं. पाणी घालून झालं तेव्हा माझ्या पाठीला घामाची धार लागली होती. भाभींची नात पुढं आली, तिनं मुलीला पंच्यात गुंडाळून घेतलं आणि मला म्हणाली, "चाचा, उद्या पन याल?" स्वतःचं दीड महिन्याचं मूल एका शेजाऱ्याच्या शिकवणीसाठी देणारी ही मुलगी. तिचे उपकार मी कसे फेडणार आहे, मला माहीत नाही. मी रोज जात राहिलो.

आणि रोज सकाळी आंघोळ झाली की मोबाइल घेऊन तारीख शोधायला बसायचो. कुणीतरी आपली तारीख सोडतं, ती क्षणभर दिसते आणि जाते. लेक तिकडून बघायची, मी इकडून. पाचव्या आठवड्यात एक तारीख दिसली, बारा दिवसांनंतरची. कुणी सोडली होती, का सोडली होती, मला कधीच कळणार नाही. त्याला किंवा तिला माझा नमस्कार. लेकीला आठवा लागला होता.

या वेळी फॉर्म लेकीनं तिकडूनच भरला, आणि कारणाच्या जागी होतं तेच लिहिलं. भाषेचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मराठी. खिडकीमागं पिकल्या केसांच्या एक गोऱ्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी दुभाषी, तिशीतली मराठी बाई. साहेबीणबाईंनी कॉम्प्युटरकडं बघून पहिल्यांदा विचारलं ते हेच, की गेल्या वेळी तुम्ही टुरिझम म्हणालात. मग आता?

मी म्हणालो, "गेल्या वेळी मी लपवलं, बाई. मला लाज वाटली. मी लेकीच्या बाळंतपणाला चाललोय."

आणि मग मी पैठणच्या मावशीसारखा सगळंच सांगत सुटलो. आधीचं तिसऱ्या महिन्यात गेलेलं, डॉक्टरांची मनाई, सासूबाईंचे गुडघे, जावयाचे दोन आठवडे, माझी बायको, लेकीचं 'लई भीती वाटते'. मागं रांग होती. मला कुणी पुराण नको म्हणालं नाही. मला इंग्रजी धड बोलता येत नसलं तरी कळतं थोडंफार, म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. त्या दुभाषी बाईनं माझा एक शब्द गाळला नाही. सासूबाईंचे गुडघेसुद्धा तिनं जसेच्या तसे पलीकडं पोचवले. कामाच्या माणसाला ऐकलेलं आवरतं घ्यायचा मोह किती होतो, हे मी जाणतो. तिनं तो आवरला, यासाठी मी तिचा ऋणी आहे.

साहेबीणबाईंनी विचारलं, तिथं दवाखाना आहे, नर्स आहेत, तुम्ही नेमकं काय करणार? मी म्हणालो, घरी आल्यावर लेकीला गरम खायला घालणार, आणि बाळाला न्हाऊ घालणार. असं. आणि माझा डावा हात आपोआप पुढं आला, तळवा वर, बोटं किंचित पसरलेली, मान धरायला. हे कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "शेजारच्या भाभींनी. आधी नारळावर, मग खऱ्या बाळावर." दुभाषी बाई नारळाशी क्षणभर अडली, मग तेही सांगितलं. साहेबीणबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि हसल्या. मग परत चष्मा लावून शेवटचं विचारलं. परत का याल?

या प्रश्नासाठी मी पेन्शनची कागदपत्रं, घराची कागदपत्रं अशी जाड फाइल नेली होती. ती उघडायचं मला सुचलंच नाही. मी म्हणालो, "बाई, तेहतीस वर्षं मी गाडी नेली आणि परत आणली. मुक्कामाला गेलो तरी दुसऱ्या दिवशी डेपोत आणून लावली. नेलेली गाडी परत आणणं, हीच माझी नोकरी होती."

दुभाषी बाईनं ते सांगितलं. पलीकडं काहीतरी टाइप झालं. मी पासपोर्टसाठी खिडकीखाली हात पुढं केला, गेल्या वेळची सवय. काहीच आलं नाही. मी हात तसाच धरून उभा.

"काका," दुभाषी बाई म्हणाली, "पासपोर्ट इथंच राहील. व्हिसा लावून येईल. तुम्ही घरी जा आणि तयारीला लागा."

बाहेर येऊन मी पहिला फोन लेकीला करायला हवा होता. मी भाभींना केला. का ते माहीत नाही. त्यांनी ऐकलं, दोनदा शुकर म्हणाल्या आणि लगेच विचारलं, ओवा किती घेताय.

बायकोच्या जुन्या सुती साड्या मी कपाटात ठेवल्या होत्या. त्या काढून दिल्या, भाभींच्या सुनेनं त्यांची दुपटी आणि लंगोट शिवून दिले. कपाळाला हात लावणाऱ्या बहिणीनं पैठणहून तीन डबे डिंकाचे लाडू पाठवले आणि वर फोन करून सांगितलं, की दिवसाला एकच दे, जास्त देऊ नको. मी लेकीच्या दारात पोचलो तेव्हा तिचे दिवस भरायला नऊ दिवस बाकी होते. तिनं दार उघडलं, मला बघितलं, माझ्या बॅगेकडं बघितलं आणि म्हणाली, "ओव्याचा वास येतोय." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. पोट मध्ये येत होतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाळ पडल्यावर डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली आणि माझी परीक्षा आली. त्या घरात पाय लांब करून बसायला आणि पाणी सांडायला एकच जागा होती, न्हाणीघरातला तो लांबलचक टब. मी कोरड्या टबात भाभींनी बॅगेत घालून दिलेला त्यांचा पाट टाकला, गुडघ्यापर्यंत पँट दुमडली आणि आत बसलो. जावई कोमट पाण्याची बादली घेऊन उभा. लेक टबाशेजारी स्टुलावर. तिनं मोबाइल साबणाच्या डबीला टेकवून ठेवला होता आणि त्यात भाभी होत्या, चष्मा लावून, आपल्या अंगणात.

नात माझ्या पायांवर आली. मी कोपरानं पाणी बघितलं. कपाळावर आडोसा धरला. पाणी घातलं. एरवी माझी एकही चूक न सोडणाऱ्या भाभी एक शब्द बोलत नव्हत्या. मला वाटलं रेंज गेली.

लेक बघत होती. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही किती छान करताय. आईला हे कुणी शिकवलं असेल? तिला तर आईच नव्हती."

मी नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, की उपजत होतं तिच्यात. तेवढ्यात साबणाच्या डबीपासून आवाज आला.

"बेटा, तुझं पहिलं पानी माझ्या पायावर झालं," भाभी म्हणाल्या. "पूरे चालीस दिन. तुझी आई बाजूला बसून बघायची, लई रडायची, हात लावायला भ्यायची. मग तिला शिकवलं. ह्याच पाटावर, नारळानं. मला म्हनली होती, ह्यांना सांगू नका भाभी, ह्यांना वाटतंय मी एकटीनं केलं, त्यांना वाटू द्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता ती नाही. आज सांगितलं तर चालंल, म्हनलं."

तो अछवानीचा वास मला तेव्हा आठवला. मुक्कामाहून यायचो, दारात बूट काढायचो, आणि घरभर तोच वास असायचा. मी महिनोन् महिने ज्या बाईसमोर बायकोची बढाई मारली, त्या बाईनं हौ, भाऊ, हुशार होती, एवढंच म्हणून माझ्या पायांवर नारळ ठेवला होता.

लेक रडत होती. जावयानं बादली खाली ठेवली. डोळे भरून सगळं धूसर झालं होतं, पण एक हात मानेखाली होता आणि दुसरा पोटावर, आणि त्यातला एकही काढायचा नव्हता. मी ते तसेच वाहू दिले.